तेनिंग फायचं अळणी पातेलं

फातिक गावच्या गाडीतळावर माझं शिवणाचं दुकान आणि तेनिंग फायची खाणावळ यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. तिकडे कांदा तेलात पडला की इकडे माझ्या कापडाला वास लागायचा. गिऱ्हाइकं त्याबद्दल कुरकुर करायची आणि कुरकुर संपली की तिच्याचकडे जेवायला जायची. अशी आमची एकवीस वर्षं गेली. त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगतोय ते ऐकीव नाही.

तेनिंग उंच, खणखणीत आवाजाची, पन्नाशीच्या जरा अलीकडची. सकाळी सहाला चूल पेटायची आणि दुपारी चारला शेवटचं ताट धुतलं जायचं. मधले दहा तास बाई उभी. तिचा मासळीभात खायला काओलाक शहराच्या गाड्यांचे ड्रायव्हर वेळापत्रक मोडून थांबायचे. सगळे तिला ‘याय तेनिंग’ म्हणायचे, म्हणजे तेनिंगआई, मग म्हणणाऱ्याचे केस पिकलेले का असेनात.

तिचं अंग सुजतंय हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. त्यात हुशारी काही नाही, मी शिंपी आहे. बकरीदीच्या पोशाखासाठी सकाळी तिच्या कमरेचं माप घेतलं, ते लिहिलेला कागद हरवला, म्हणून दुपारी पुन्हा घेतलं. नंतर कागद सापडला. दोन मापांत चार बोटांचा फरक. मला वाटलं टेप ताणली गेली. तेनिंग म्हणाली, टेप बरोबर आहे, सकाळचंच माप धर. मी म्हटलं, सणाचं जेवण दुपारी असतं, पोशाख फाटेल. ती हसली आणि म्हणाली की मग ढगळच शीव, पोटात दुपारनंतर कोणीतरी पंप मारतं.

त्यानंतर मी बघायला लागलो. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खड्डे पडायचे. मग ती नवऱ्याच्या चपला घालून यायला लागली. तिचा नवरा लातीर मिठागरावर काम करायचा, शांत माणूस, पाय मोठे. पुढे एक दिवस लग्नातली चांदीची अंगठी बोटात रुतली. साबण झाला, तेल झालं, शेवटी सोनाराने कानशीने कापली. तिने दोन तुकडे पदराच्या गाठीत बांधले आणि येऊन भात ढवळायला लागली.

लोक मात्र खूष होते. अंग भरलं म्हणजे घरात बरकत, असंच आमच्याकडे धरतात. एका बाईने तर या वयात गोड बातमी आहे का, असंही विचारलं. तेनिंगने तिला ताट वाढलंच नाही.

तिची नणंद न्जेमे मात्र तिच्या सुजेवर इलाज घेऊन आली. न्जेमे बाजारात कापड विकते, तिला सगळं ठाऊक असतं. तिने कुठल्याशा फेरीवाल्याकडून गोळ्या आणल्या, पुडीवर नाव नाही, काही नाही. अंगातलं सगळं पाणी काढतात म्हणाली. तेनिंगने पाच दिवस घेतल्या. शिवाय स्वतःचं डोकं लढवून पाणी पिणंच सोडलं, कारण प्यायलंच नाही तर साठेल कुठून. सूज उतरली खरी. सहाव्या दिवशी भर दुपारी, हातात डाव असताना, ती माझ्या बाजूच्या भिंतीला धरून खाली बसली. डोळे फिरलेले, पायात गोळे आलेले. मी आणि एका घोडागाडीवाल्याने तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथल्या ज्याता नर्सबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिला सलाईन लावलं, रक्तदाब बघितला, लघवी तपासली. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा पायांना सूज परत आली होती. त्यांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला. मी दाराशी उभा होतो, मला दिसला.

त्यांनी सांगितलं ते तेनिंगने मला वाटेत तीनदा म्हणून दाखवलं. मूत्रपिंड ठीक आहे, हृदय ठीक वाटतंय, रक्तदाब चढा आहे. गोळ्या फेकायच्या. पाणी प्यायचं, भरपूर. तोडलं तर अंग उलट धरून ठेवतं. दिवसभर उभं राहायचं नाही, दुपारी पाय वर करून पडायचं. रोज चालायचं. गार फसफसती बाटली बंद, चार वाजता एकदम डोंगराएवढा भात गिळणं बंद. पोट त्याने फुगतं. किंकेलिब्याच्या झुडपाचा पाला उकळून प्यायला हरकत नाही, लघवी साफ होते, पण तो काही जादू करत नाही. एकच पाय सुजला किंवा धाप लागली तर पाला उकळत बसायचं नाही, तडक यायचं. आणि मीठ. मीठ निम्म्याहून खाली.

‘मीठ मी घालतेच किती,’ तेनिंग म्हणाली होती.

‘वड्या किती घालतेस?’ नर्सबाईंनी विचारलं.

वड्या म्हणजे चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या मसाल्याच्या, दुकानात मिळतात त्या. आमच्याकडे त्यांच्याशिवाय चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी तेनिंगने एका पातेल्यात काय काय जातं ते परातीत मांडलं आणि मला बघायला बोलावलं. वीस वड्या. दोन मुठी मीठ. खारवलेली सुकी मासळी. वर पुडीतला मसाला, त्यात पुन्हा मीठच. मग ती म्हणाली, ‘बिराम, हे मी माणसांना घालते.’

तरी पहिला आठवडा तिने लोकांचं पातेलं होतं तसंच ठेवलं आणि स्वतःसाठी एक लहान भांडं वेगळं चढवलं. उपयोग झाला नाही. स्वयंपाकीण दिवसभर चाखते. रस्सा उकळला की चमचा, भाजी शिजली की चमचा, भात उतरवताना चमचा. जेवायला बसेपर्यंत तिच्या पोटात एक ताट खारट रस्सा गेलेला असायचा. पाय संध्याकाळी तस्सेच. मग एका सोमवारी तिने वड्यांचा डबा उचलला, गाडीतळासमोरच्या वाण्याला परत दिला आणि मोठं पातेलं वड्यांवाचून रांधलं. मीठ एक मूठ. त्याऐवजी लसूण, आलं, मिरं, चिंच, लिंबू, अंबाडीचा पाला ठेचून, आणि नेतेतू. नेतेतू म्हणजे आंबवलेल्या शेंगबिया. वास असा की माझं एक गिऱ्हाईक माप न देताच परत गेलं. तेनिंगची आई याच चवीवर रांधायची. वड्या आल्या आणि लोक नेतेतू विसरले.

त्या दुपारी पहिलं ताट देंबा सी याला मिळालं. देंबा ड्रायव्हरांचा म्होरक्या, जातीने पुलार. पुलार आणि आम्ही सेरेर यांच्यात थट्टेचं नातं जन्मापासून असतं, एकमेकांना काहीही बोललं तरी राग धरायचा नाही. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि हात थांबवला.

‘सेरेरीणबाई,’ तो म्हणाला, ‘नवरा तिकडे मीठ खणतो आणि तू इकडे मीठ चोरतेस?’

‘तुझी जीभ मेलीय. मी काय करू? तुम्हा पुलारांना दुधापलीकडे चव कळली कधी?’

‘दूध तरी बरं. हे म्हणजे आजाऱ्याचं जेवण.’

‘आजारी मीच आहे,’ तेनिंग म्हणाली. ‘म्हणूनच असं रांधते.’

देंबाला वाटलं थट्टा चाललीय. आठवडाभर त्याने वाट बघितली. सातव्या दिवशी, आता थट्टा न करता, त्याने सांगितलं की ड्रायव्हरांना घाम येतो, त्यांना मीठ लागतं, वड्या घालणार नसशील तर आम्ही समोरच्या बाईच्या टपरीवर जेवायला जाऊ. तेनिंगने समोरच्या टपरीकडे हात केला आणि म्हणाली की रस्ता ओलांडताना गाड्या बघा.

दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर गेले. एक नाही, दोन नाही, सगळे. त्यांच्यामागे हमाल गेले, उतारू गेले. उरलो मी, पोस्टातल्या दोन बायका आणि एक म्हातारा घोडागाडीवाला, ज्याला दात नव्हते आणि चवीची तक्रारही नव्हती. चौथ्या दिवशी तिने मोठं पातेलं धुवून पालथं घातलं आणि लहान काढलं. तिच्या जागी मी असतो तर गुपचूप दोन वड्या टाकल्या असत्या. मी तसं म्हटलंही. लातीरही मिठागरावरून आला आणि पहिल्यांदाच तिच्या धंद्यात बोलला, अर्ध्या टाक म्हणाला.

‘आज अर्ध्या टाकल्या की उद्या देंबा उरलेल्या अर्ध्या मागेल,’ ती म्हणाली. ‘मी त्याला ओळखते. आणि वीस वर्षं मी माझं अंग त्याच्या जिभेपायी झिजवलंय. आता नाही.’

लातीरने मान हलवली आणि गेला. तो तिला हसला नाही एवढं मी पाहिलं.

न्जेमे मात्र रोज यायची. तिचं म्हणणं, स्वयंपाकीण बारीक झाली तर लोक समजतात तिला स्वतःचंच अन्न आवडत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचं ते चालणं. तेनिंग पहाटे उठून खाजणाच्या कडेने, जिथे मीठ फुललेल्या पांढऱ्या जमिनीवर काही उगवत नाही, तिथे तासभर चालायला लागली होती. डोक्यावर ओझं नाही, हातात बादली नाही, कुठे जायचं नाही. आमच्या गावात असं फक्त वेड लागलेला माणूस चालतो. वाटेत भेटणारे काळजीने विचारायचे, कोण गेलं, कुठे निघालीस. ती सांगायची, पायांना फिरवून आणते. न्जेमेने मला दुकानात गाठून विचारलं की हिचं डोकं तर ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, माझ्याशी नीट बोलते. त्यावर ती मलाही दोन गोष्टी सुनावून गेली.

पण खरा गजहब उडाला तो पायांवरून. दुपारी तीनला, जेवणं उरकल्यावर, तेनिंग खाणावळीबाहेर चटई टाकायची, उताणी पडायची, लुगडं घोट्याभोवती नीट गुंडाळून दोन्ही पाय भिंतीवर टेकवायची आणि तोंडावर टॉवेल घ्यायची. भर गाडीतळावर. अर्धा तास. आत जागा नव्हती, आत चूल होती. लोक वळून बघायचे, काही हसायचे, एका धार्मिक गृहस्थांनी घसा खाकरला. टॉवेलखालून ती म्हणाली की खोकल्याला आलं चांगलं.

ती बाहेरची भिंत वड्यांच्या कंपनीने रंगवून दिली होती, फुकट. पिवळाजर्द रंग आणि त्यावर हातात वडी धरून हसणाऱ्या एका बाईचं मोठं चित्र. सोबत कंपनीच्या नावाचा पिवळा एप्रनही दिला होता. त्या दिवसांत कंपनीचा माणूस फेरीवर आला. गोरटेला रंग, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. वाण्याने त्याला डबा परत आल्याचं सांगितलेलं असणार. तो आला तीन वाजता आणि त्याने पाहिलं ते हे, की तेनिंगच्या टाचा बरोबर त्या चित्रातल्या बाईच्या गालावर.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘तुमचे पाय आमच्या बाईच्या तोंडावर आहेत.’

तेनिंगने टॉवेल बाजूला केला. ‘तुमची बाई दिवसभर हसत असते. तिला त्रास होतोय असं वाटत नाही.’

तो खाली बसला आणि तिला समजावायला लागला. वड्या सगळे वापरतात. त्याची आईही वापरते. भिंत कंपनीच्या खर्चाने रंगवलीय. वड्या ठेवायच्या नसतील तर निदान एप्रन घाला, लोकांना दिसू दे. तेनिंग उठली, आत गेली, एप्रन काढून आणला आणि माझ्याकडे देऊन म्हणाली, बिराम, इस्त्री करून दे. मी केली. तिने तो चौपदरी घडी करून त्याच्या हातात ठेवला.

‘भिंत तुमची असेल तर रंग खरवडून न्या,’ ती म्हणाली. ‘आत काय शिजतं ते माझं. मी वीस वड्या घालत होते. माझ्या पायावर तुमचं बोट दाबून बघा, मग तुमच्या आईचे पाय बघा.’

त्याने बोट दाबलं नाही. तो एप्रन घेऊन गाडीत बसला आणि गेला. रंग काही कोणी खरवडला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो आपोआप फुगला आणि गळून पडला. संध्याकाळी मी तिला जाड निळ्या कापडाचा साधा एप्रन शिवून दिला, मोठ्या खिशाचा.

ड्रायव्हर गेल्याच्या अकराव्या दिवशी देंबा परत आला. एकटा. बाकावर बसला आणि ताट मागितलं. तेनिंगने वाढलं. मी कात्री बाजूला ठेवून दारात येऊन उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. तिने विचारलं, समोरचं जेवण खारट लागलं का. देंबा म्हणाला, जेवण झकास आहे, पण समोरची बाई वोलोफ जमातीची आहे, ती थट्टेच्या नात्यातली नाही. मी तिला काही बोललो की ती रडते. अकरा दिवस मला कोणी शिवी दिली नाही.

मग त्याने शर्टाच्या खिशातून चांदीच्या कागदातली एक वडी काढली, तिच्याकडे बघत सोडवली आणि आपल्या भातावर चुरली.

तेनिंगने डाव पातेल्यात ठेवला.

‘तुझ्या ताटात तू काय करतोस ते तुझं,’ ती म्हणाली. ‘पातेलं माझं.’

‘मान्य,’ देंबा म्हणाला आणि जेवला.

त्यानंतर हळूहळू निम्मे आले. निम्मे समोरच राहिले, अजून आहेत. जे आले त्यांतले बरेच खिशात वडी घेऊन येतात. तेनिंग त्यांना ‘औषधवाले’ म्हणते. मोठं पातेलं पुन्हा चढलं, पण पूर्वीइतकं काठोकाठ भरत नाही. एकदा मी विषय काढला तेव्हा ती एवढंच म्हणाली की पातेलं हलकं झालं, उतरवताना कंबर दुखत नाही.

तिचं अंग? सांगतो, कारण लोक विचारतात. पायांची सूज तीन आठवड्यांत बरीच उतरली. सकाळ-दुपारच्या मापातला फरक चार बोटांवरून एकावर आला. रक्तदाब ज्याता नर्सबाईंना अजून आवडत नाही, त्या दर महिन्याला बोलावतात आणि आता एक गोळी देतात, पुडीवर नाव असलेली. मे महिन्याच्या उन्हाळ्यात पाय पुन्हा जड होतात. रात्री चवळी खाल्ली की पोट ढोलासारखं वाजतं, मग दुसऱ्या दिवशी आल्याचं पाणी पीत, कोणाशी न बोलता रांधते. सगळं गेलं असं ती कधी म्हणाली नाही. किंकेलिब्याचा पाला मात्र तिच्या चुलीवर कायम उकळत असतो, आणि कोणी सुजलेले पाय घेऊन आलं की एक पेला देऊन आधी दवाखान्यात पिटाळते. दोन बायकांना तिने स्वतः हाताला धरून नेलं. एकीचा एकच पाय सुजला होता, तिला तिथूनच काओलाकच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

गेल्या वर्षी न्जेमेच्या नातवाचं बारसं झालं. दोनशे पानं. न्जेमे स्वतः खाणावळीत आली, बसली, आणि घरचं कार्य आहे, तूच रांधायचं, असं सांगितलं. तेनिंग तयार होती. मग न्जेमे म्हणाली, फक्त एवढा एक दिवस वड्या घाल, लोकांत शोभा नको. तेनिंगने विचारलं, न घातल्या तर. न्जेमे म्हणाली, मग दुसरी बाई बघावी लागेल. तेनिंग म्हणाली, चांगली बघ, दोनशे पानांना दोन चुली लागतील, आणि कांदे आदल्या दिवशी चिरून ठेवू नकोस.

दुसरी बाई आली. तेनिंग पाहुणी म्हणून गेली, मी शिवलेल्या जांभळ्या पोशाखात, लातीरबरोबर. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी मोठ्याने म्हटलं की ही किती वाळली, घरात खायला मिळत नाही का. तेनिंगने भाताचे चार घास खाल्ले, पाणी मागितलं, एक पूर्ण तांब्या प्यायली. ढोलवाले अंगणात आले तेव्हा ज्या बाईने वाळली म्हटलं होतं तिच्याच समोर जाऊन उभी राहिली, पोशाख गुडघ्यापर्यंत उचलला, आपले पाय सगळ्यांना दिसतील असे पुढे केले आणि नाचायला लागली.

न्जेमेने तोंडावर हात ठेवला. ढोलवाल्याने मात्र ताल वाढवला.